बनारसच्या रस्त्यावर भीक मागणारा गवई सर्कशीच्या तंबूत आला आणि लोक त्याला 'भूगंधर्व' म्हणू लागले

आषाढात कर्जतला संत गोदड महाराजांचा रथ निघतो. गावात पाय ठेवायला जागा नसते. रेवड्या, खेळणी, पाळणे सगळं एकीकडे आणि तंबूतले खेळ एकीकडे. कर्जतच कशाला, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रेत वाढलेल्या माणसाला ते तंबू माहिती असतात. बाहेर मोठ्ठा रंगीत बोर्ड, भोंग्यावर एकसारखी आरोळी आणि आत काहीतरी "अजब". कुणी मौत का कुवामध्ये मोटारसायकल फिरवतोय, कुणी दातांनी वजन उचलतोय.

आता कल्पना करा, अशाच एका तंबूत घोडे पळून झालेत, झुल्यावरच्या कसरती झाल्यात आणि त्यानंतर रिंगणात एक कृश, विस्कटलेला माणूस येऊन बसतो. तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटतोय. समोर लोक आहेत याची त्याला शुद्ध आहे की नाही, हेही कळत नाही. मागे तंबोरा जुळतो. आणि तो माणूस पहिला सूर लावतो.

तंबू चिडीचूप.

ही सिनेमातली गोष्ट नाही. त्या माणसाचं नाव रहिमत खाँ. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ यांचा मुलगा. आणि त्याला सर्कशीत आणणारा माणूस होता विष्णुपंत छत्रे, भारतीय सर्कशीचा जनक, अस्सल सांगलीकडचा गडी.

एक घोड्यांचा वेडा, एक सुरांचा वेडा. या दोघांची गोष्ट नेमकी काय आहे, ते बघू.

सुरुवात होते ग्वाल्हेरात

आज ख्याल म्हटलं की कितीतरी घराणी आठवतात. किराणा, जयपूर, आग्रा, पतियाळा. पण ख्यालाच्या घराण्यांमध्ये सगळ्यात जुनं मानलं जातं ते ग्वाल्हेर. नत्थन पीरबक्ष हे या घराण्याचे मूळपुरुष आणि त्यांचे नातू म्हणजे हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ. शिंद्यांच्या दरबारात या भावांचा मोठा मान होता.

या भावांबद्दल एक किस्सा गवयांच्या बैठकीत पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. बडे मोहम्मद खाँ नावाचे एक जबरदस्त तानबाज गवई होते. त्यांची गायकी हद्दू-हस्सूंनी पडद्याआड बसून चोरून ऐकली आणि आत्मसात केली. पुढे भर दरबारात हस्सू खाँनी त्यांचीच एक अवघड तान घेतली आणि त्या ताणाने त्यांच्या बरगडीला दुखापत झाली, म्हणे. किस्सा किती खरा ते सोडा, पण गाणं हा तिथे जिवावरचा खेळ होता, एवढं त्यातून कळतं.

अशा घरात रहिमत खाँ वाढले. ते हद्दू खाँ यांचे धाकटे चिरंजीव. थोरले भाऊ छोटे मोहम्मद खाँ हेही नामांकित गवई. घरात दिवसरात्र तालीम, दाराशी दरबारचा मान. पोराचं भविष्य जणू लिहूनच ठेवलेलं.

याच काळात महाराष्ट्रातली पोरं गाणं शिकायला ग्वाल्हेरला जायची. घरदार सोडून, पायी, मिळेल ते खाऊन. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनीच ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली.

आणि याच वाटेने एक वेगळाच विद्यार्थी ग्वाल्हेरात पोहोचला होता. त्याला गाणं शिकायचं होतंच, पण त्याहून जास्त त्याला घोडे शिकायचे होते.

अंकलखोपचा विष्णू

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावर अंकलखोप नावाचं गाव आहे. औदुंबरच्या दत्ताला गेला असाल, तर त्याच्या अगदी शेजारचं. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे या गावचे.

ब्राह्मण घरातल्या पोराने शिकावं, कारकुनी धरावी, असा तो जमाना. या पोराचं डोकं मात्र भलतीकडेच चालायचं. घोडा दिसला की गडी हरखून जायचा. शेवटी घर सोडून उत्तरेचा रस्ता धरला. ग्वाल्हेरात बाबासाहेब आपटे नावाचे अश्वविद्येतले मोठे जाणकार होते. त्यांच्याकडे विष्णुपंत घोड्यावर बसायला, घोडा फिरवायला आणि बिथरलेला घोडा काबूत आणायला शिकले. आणि त्याच ग्वाल्हेरात त्यांनी हद्दू खाँ यांच्याकडे गाण्याची तालीमही घेतली.

म्हणजे बघा, एकाच माणसाच्या अंगात दोन विद्या. एक तबेल्यातली, दुसरी बैठकीतली. त्या काळच्या लोकांना हे विचित्रच वाटलं असणार.

परत आल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे घोड्यांच्या पागेवर रुजू झाले. कुरुंदवाड म्हणजे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं, नरसोबाच्या वाडीच्या जवळचं गाव. संस्थान छोटं, पण कलेची कदर असलेलं. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्मही १८७२ साली याच कुरुंदवाडात झाला.

इटालियन सर्कस आणि मराठी पैज

आता थोडं सर्कशीविषयी.

आज आपण सर्कस म्हटलं की जोकर आणि झुले आठवतो. पण आधुनिक सर्कशीचा जन्म झाला तो घोड्यांमुळे. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या माजी घोडेस्वार सैनिकाने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. गोल रिंगणच का? कारण घोडा ठराविक वेगाने गोल पळत असला, की त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला आत झुकून तोल सांभाळणं सोपं जातं. रिंगणाचा व्यास ठरला ४२ फूट. जगभरातल्या सर्कशी आजही साधारण याच मापाचं रिंगण आखतात.

तर १८७९ च्या सुमारास मुंबईत जुझेप्पे कियारिनी याची रॉयल इटालियन सर्कस आली. आपल्या लोकांनी त्याला 'चिरिनी' करून टाकलं. कुरुंदवाडचे बाळासाहेब पटवर्धन विष्णुपंतांना घेऊन तो खेळ बघायला गेले.

पुढची गोष्ट अशी सांगितली जाते. खेळ संपल्यावर कियारिनी म्हणाला, की हिंदुस्थानात स्वतःची सर्कस उभी राहायला अजून बराच काळ जावा लागेल, हे इथल्या लोकांचं काम नाही. विष्णुपंतांना ते लागलं. "एवढंच ना? आम्ही करून दाखवतो," असं म्हणून त्यांनी पैज घेतली.

पैजेची रक्कम आणि मुदत प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलते. पण निकाल बदलत नाही. थोड्याच काळात, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, विष्णुपंत छत्र्यांची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. भारतीय माणसाने काढलेली ही पहिली आधुनिक सर्कस.

घोड्यांच्या कसरतीत स्वतः विष्णुपंत हुकमी एक्का. त्यांच्या पत्नीही रिंगणात उतरायच्या, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरातली बाई हजारो लोकांसमोर कसरती करते, यासाठी काय धाडस लागलं असेल याचा विचार करा. सर्कस गावोगाव फिरू लागली. उत्तर हिंदुस्थान, दक्षिण, समुद्रापलीकडे सिलोन, आग्नेय आशिया.

आणि असंच फिरता फिरता तंबू बनारसला लागला.

बनारसमध्ये काय झालं?

मधल्या काळात ग्वाल्हेरात सगळं उलटंपालटं झालं होतं. छोटे मोहम्मद खाँ तरुणपणीच गेले. १८७५ च्या सुमारास हद्दू खाँही गेले. वडील गेले, भाऊ गेला, आणि त्या दोघांच्या आधारावर उभा असलेला रहिमत खाँ कोसळला.

त्यांचं मानसिक संतुलन बिघडलं. अफूची सवय लागली. घर सुटलं, ग्वाल्हेर सुटलं. फिरत फिरत ते बनारसला पोहोचले आणि तिथल्या रस्त्यांवर भिकाऱ्यासारखे राहू लागले.

इथे अफूबद्दल एक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे. त्या काळात अफू काही चोरून मिळणारी वस्तू नव्हती. इंग्रज सरकारचाच तो धंदा होता. बिहार आणि बनारसच्या पट्ट्यात शेतकऱ्यांकडून सरकार अफू पिकवून घ्यायचं. बनारसपासून जवळच गाझीपूरला सरकारचा अफूचा कारखाना होता, तो आजही आहे. बहुतेक माल चीनकडे जायचा, पण इथे परवान्याच्या दुकानातही अफू उघड विकली जायची. मनाने खचलेल्या माणसाला ती हाताशी मिळत होती, आणि सोडवायला मात्र कुणी नव्हतं.

वेड लागलेल्या, भटकणाऱ्या माणसाचं त्या काळी काय व्हायचं? १८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या कायद्याने पोलिसांना अशा माणसाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता यायचं, आणि तिथून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात व्हायची. त्या भिंतींआड गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसायची.

म्हणजे रहिमत खाँपुढे दोनच रस्ते दिसत होते. एक तर घाटावर कधीतरी संपणं, नाहीतर इस्पितळाच्या भिंती.

तिसरा रस्ता विष्णुपंतांच्या रूपाने आला. बनारसच्या मुक्कामात हा माणूस त्यांच्या नजरेला पडला आणि त्यांनी ओळखलं. हा भिकारी नाही, हा आपल्या गुरूचा मुलगा आहे.

गुरुपुत्र म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. गुरुशिष्य परंपरेत गुरूचा मुलगा हा शिष्यासाठी गुरूइतकाच मानाचा. त्याच्या पाया पडायचं, त्याचं पाहायचं, त्याला काही कमी पडू द्यायचं नाही. विष्णुपंतांनी रहिमत खाँना उचललं, अंघोळ-कपडे-जेवण केलं आणि सर्कशीच्या कुटुंबात सामील करून घेतलं.

एका ब्राह्मण सर्कशीवाल्याने एका मुसलमान उस्तादाला घरात घेतलं, यात त्या दोघांना काही विशेष वाटलं नसावं. गाण्याच्या क्षेत्रात हे नातं तेव्हा रोजचंच होतं.

घोडे, कसरती आणि ख्याल

आता रहिमत खाँना सांभाळायचं म्हणजे काय करायचं?

विष्णुपंतांना एक गोष्ट कळली होती. या माणसाचं बाकी सगळं विस्कटलंय, पण गाणं शाबूत आहे. हिशेब कळत नाही, वेळेचं भान नाही, कुणाशी धड बोलणं नाही. पण तंबोरा जुळला आणि सूर लागला, की आत कुठेतरी सगळं पुन्हा जागेवर येतं.

त्यामुळे सर्कशीचा मुक्काम जिथे, तिथे खाँसाहेबांचं गाणंही, असा शिरस्ता पडला. विष्णुपंत स्वतः हद्दू खाँ यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे चीज कुठली, बढत कुठे चाललीय, हे त्यांना कळायचं. ते जवळ बसायचे, साथ करायचे, खाँसाहेबांना गाण्याकडे वळवायचे. बिथरलेल्या घोड्याला चाबकाने नाही, धीराने काबूत आणायचं असतं, हे शिकलेला माणूस होता तो. ते शिक्षण इथे कामाला आलं असेल तर नवल नाही.

गाणं कसं होतं?

ग्वाल्हेरची गायकी म्हणजे खणखणीत, मोकळा आवाज आणि दाणेदार ताना. रहिमत खाँकडे ती विद्या होतीच. पण त्यांचा आवाज बारीक, टोकदार आणि कमालीचा सुरेल. एखादा सूर नुसता लावला तरी काळजात घुसावा असा. ख्याल, टप्पा, ठुमरी, सगळ्यात त्यांची गती. ऐकणारे म्हणायचे, हा माणूस गात नाही, याच्यातून गाणं वाहतं. त्यावरूनच लोक त्यांना 'भूगंधर्व' म्हणू लागले, म्हणजे पृथ्वीवरचा गंधर्व.

विष्णुपंतांसोबत ते हिंदुस्थानभर फिरले. नेपाळच्या राणांच्या दरबारातही त्यांचं गाणं झालं. बनारसच्या रस्त्यावरचा भिकारी राजेरजवाड्यांसमोर गायला लागला होता.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. रहिमत खाँ "बरे" झाले नाहीत. विक्षिप्तपणा तसाच राहिला. पुटपुटणं, स्वतःच्या जगात असणं, लहर लागली तर गाणं, नाहीतर नाही, हे आयुष्यभर चाललं. फक्त त्या विक्षिप्तपणासकट त्यांना जगता येईल अशी जागा त्यांना मिळाली.

त्याच काळात जगात काय चाललं होतं?

हे समजायला थोडं बाहेर बघू.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा सर्कशीचा आणि तिच्या शेजारच्या 'साइड शो'चा सुवर्णकाळ. मुख्य तंबूच्या बाजूला एक छोटा तंबू असायचा. तिथे "निसर्गाचे चमत्कार" म्हणून माणसंच ठेवलेली असायची. खूप बुटकी, खूप उंच, अंगभर केस असलेली, जोडलेली जुळी.

या धंद्याचा बादशहा म्हणजे अमेरिकेतला पी. टी. बार्नम. त्याने चार्ल्स स्ट्रॅटन नावाच्या बुटक्या मुलाला 'जनरल टॉम थम' बनवून जगभर फिरवलं. लंडनमध्ये १८८३ साली सयामकडची क्राओ नावाची लहान मुलगी, तिच्या अंगावर दाट केस होते म्हणून, माणूस आणि माकड यांच्यामधला दुवा असल्याचं सांगून दाखवली गेली. १८८४ साली त्याच लंडनमध्ये जोसेफ मेरिक हा विद्रूप शरीराचा तरुण 'हत्तीमाणूस' म्हणून दुकानात मांडला गेला. तो १८९० साली वयाच्या २७ व्या वर्षी वारला. त्याच १८८४ साली बार्नमने जगभरातल्या वेगवेगळ्या जमातींची माणसं गोळा करून त्यांचं प्रदर्शन भरवलं होतं.

या सगळ्यात सूत्र एकच. माणसाचं जे वेगळेपण आहे, तेच विकायचं. तो काय करू शकतो याच्याशी बघणाऱ्याला काही घेणंदेणं नाही.

विष्णुपंतांना हे करणं अगदी सोपं होतं. "या, बघा, वेडा उस्ताद!" अशी आरोळी ठोकली असती तरी लोक आले असते. पण रहिमत खाँची ओळख राहिली ती गवई म्हणून. हद्दू खाँ यांचे चिरंजीव, ग्वाल्हेरचे खाँसाहेब म्हणून. लोकांना त्यांच्या वेडाच्या गोष्टी माहिती होत्या, पण लोक बसायचे ते सुरासाठी.

पण थांबा, हा निव्वळ परोपकार होता का?

हा प्रश्न विचारायलाच हवा.

सर्कस हा धंदा आहे. घोड्यांना चारा लागतो, माणसांना पगार लागतो, तंबू हलवायला पैसा लागतो. रहिमत खाँसारखा गवई सोबत असणं ही सर्कशीची शान होती, आणि त्याचा फायदा विष्णुपंतांनाही झालाच. ज्याला स्वतःचा व्यवहार कळत नाही अशा माणसाच्या गाण्यावर दुसऱ्याने नाव कमवावं, हे आजच्या नजरेला खटकू शकतं. त्याची संमती कशी घ्यायची? त्याने नाही म्हटलं असतं तर? असे प्रश्न आज आपण विचारतो आणि ते बरोबरच आहेत.

याचं उत्तर शोधायचं तर शेवटाकडे बघावं लागतं. धंद्यासाठी पाळलेला माणूस धंदा संपला की रस्त्यावर येतो. रहिमत खाँचं काय झालं?

विष्णुपंत १९०५ च्या सुमारास वारले. त्यानंतरही छत्रे मंडळींनी खाँसाहेबांना सोडलं नाही. विष्णुपंतांच्या मागे सर्कशीचा व्याप पाहणाऱ्या काशिनाथपंत छत्र्यांनी त्यांना सांभाळलं. वय झालं, फिरणं थांबलं, तेव्हा त्यांचा मुक्काम कुरुंदवाडला होता. १९२२ साली तिथेच त्यांचं निधन झालं.

म्हणजे विष्णुपंत गेल्यावरही जवळपास १७ वर्षं हा माणूस आपल्या माणसांत होता. आपल्याला वाटतं, या एका गोष्टीत बरंचसं उत्तर आहे.

तीन मिनिटांची तबकडी

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रहिमत खाँचा आवाज ग्रामोफोनवर मुद्रित झाला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासन् तास फुलणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, तेही उतारवयात, तेही अशा मनःस्थितीत. तरीही यमन, मालकंस आणि भैरवीच्या त्या खरखरत्या मुद्रणांत तो टोकदार सूर ऐकू येतो. आज ती मुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. हा लेख वाचून झाल्यावर एकदा जरूर ऐका. पहिल्यांदा खरखरच ऐकू येईल. दुसऱ्यांदा सूर ऐकू येईल.

आणि तो सूर तिथेच थांबला नाही.

मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ हे रहिमत खाँच्या गाण्याने भारावले होते. कुरुंदवाड आणि मिरज तसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. अब्दुल करीम खाँच्या गाण्यातला जो आर्त, लांबणारा सूर आहे, त्यावर रहिमत खाँची छाप असल्याचं जाणकार सांगतात. अब्दुल करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. लहानपणी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून गाणं शिकायला घरातून पळून गेलेला पोरगा म्हणजे भीमसेन.

म्हणजे पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या माणसाच्या कानावर जे पडतं, त्यातला एक धागा मागे मागे जात सर्कशीच्या तंबूपर्यंत पोहोचतो.

आणि सर्कशीचा धागा?

तोही लांबपर्यंत गेला. छत्र्यांच्या यशानंतर सांगली-मिरज-तासगावच्या पट्ट्यात सर्कशींचं जणू पीकच आलं. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशी कितीतरी नावं.

१८८७-८८ च्या सुमारास छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हिकन्नन नावाचे कसरतीचे शिक्षक त्यांना भेटले. त्यातून केरळात सर्कशीचे कलाकार घडवायचं काम सुरू झालं आणि पुढे देशातल्या बहुतेक मोठ्या सर्कशींत केरळचे कलाकार दिसू लागले. १९५१ साली सुरू झालेल्या जेमिनी सर्कशीचे एम. व्ही. शंकरन हे कीलेरींच्याच तालमीतले.

पुढे काळ बदलला. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ साली सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय गरजेचेच होते. पण त्यानंतर टीव्ही आणि मोबाइलच्या रेट्यात तंबू एकामागून एक उठत गेले. आज जत्रेत सर्कस लागली तरी ती बहुतेक छोटी असते.

आजचे रहिमत खाँ

ही गोष्ट आज का सांगायची?

कारण एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर, देवळाच्या पायरीवर स्वतःशी पुटपुटणारा, केस वाढलेला माणूस आपल्याला आजही दिसतो. आपण नजर चुकवतो. हल्ली तर काही जण मोबाइल काढून त्याचा व्हिडिओ करतात, त्याला नाचायला, गायला लावतात आणि टाकतात रील. वर लाखो लोक हसण्याचे इमोजी टाकतात. तंबू गेला, पण साइड शो आपल्या खिशात आला.

कायदा मात्र बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसालाही सन्मानाने जगण्याचा आणि उपचारांचा हक्क दिलाय. असा माणूस बेवारस भटकताना दिसला, तर त्याला संरक्षण देऊन उपचारांपर्यंत पोहोचवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. १८५८ च्या कायद्यात तो माणूस समाजापासून दूर ठेवायची गोष्ट होता, आताच्या कायद्यात तो हक्क असलेला नागरिक आहे. मानसिक आरोग्याविषयी मदत हवी असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे इथे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेवारस, मनोरुग्ण महिलांना घर देण्याचं काम वर्षानुवर्षं करतंय. म्हणजे विष्णुपंतांसारखी माणसं आजही आहेत.

प्रत्येक भटक्या माणसात कुणी भूगंधर्व असेल असं नाही. बहुतेकांत नसतोच. आणि मदत मिळण्यासाठी त्याच्यात काही असामान्य असण्याची अटही नसावी. रहिमत खाँचं नशीब एवढंच, की त्यांना ओळखणारा कुणीतरी त्या गर्दीत होता. बाकीच्यांना अजून कुणी ओळखलेलं नसतं, इतकाच काय तो फरक.

पुढच्या वेळी असा माणूस दिसला, तर मोबाइल काढायला हरकत नाही. फक्त कॅमेरा नको, फोन लावा.